मेनूकार्डाबाहेरचे जेवण : चिंचणी ते तलासरी

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, चिंचणीच्या किनाऱ्यापासून तलासरीच्या टेकड्यांपर्यंतच्या पट्ट्यात निदान पाच निराळी स्वयंपाकघरे शेजारी-शेजारी नांदतात. खाडीच्या तोंडाशी आणि किनाऱ्यावर मांगेल्यांचे, त्याला लागून असलेल्या बागायतीत वाडवळांचे, डहाणू-घोलवड-बोर्डीच्या चिकूवाड्यांत पारशी-इराण्यांचे, पूर्वेकडच्या डोंगरउतारांवर वारल्यांचे आणि गुजरातच्या हद्दीजवळ दक्षिण गुजरातच्या शेतकऱ्यांचे. त्यांत मासा, तांदूळ आणि कंद या तीन गोष्टी सामायिक आहेत, पण शिजवण्याची रीत, मसाला आणि जेवणाचा क्रम प्रत्येक घरी वेगळा.

मुंबईची उपनगरी लोकल २०१३ साली डहाणू रोडपर्यंत आली. मुंबई-अहमदाबाद महामार्ग तर तलासरी तालुक्यातूनच जातो. त्यामुळे या भागात जेवायला थांबणाऱ्यांची संख्या मोठी आहे. असे असूनही इथल्या बहुतेक हॉटेलांचे मेनूकार्ड पनीर, तंदुरी, फ्राइड राइस, गुजराती थाळी आणि ‘फिश फ्राय’ एवढ्यावरच संपते. ज्या गावात आपण बसलो आहोत त्या गावाचे जेवण त्या कार्डावर सापडत नाही. ते का सापडत नाही आणि कसे मिळवावे, हे समजून घ्यायचे तर आधी ही स्वयंपाकघरे ओळखावी लागतात.

ताम्रपटातले अन्नछत्र

वाटसरूला जेवू घालण्याची या किनाऱ्यावरची परंपरा फार जुनी आहे आणि तिचा लेखी पुरावा चिंचणीतच सापडला. १९५५ साली इथे काही ताम्रपट मिळाले. त्यांतला एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला, शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा आहे. त्या वेळी संयान मंडल, म्हणजे आजच्या संजाणभोवतीचा प्रदेश, मधुमती नावाचा एक ताजिक, अर्थात अरब, अधिकारी सांभाळत होता. मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप असल्याचे अभ्यासक मानतात. त्याने नद्यांवर मोफत नावा सुरू केल्या आणि एक अन्नछत्र चालवले, असे ताम्रपट सांगतो. त्या छत्रात साळीचा भात, कालवणे आणि तूप मोफत वाढले जाई. याच ताम्रपटात एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठिकेला दिलेल्या दानाची नोंद आहे.

राष्ट्रकूटांच्या राज्यात अरब अधिकारी, त्याच्या मुलखात हिंदू मठिका आणि सगळ्यांसाठी साळीचा भात, असे हे दहाव्या शतकातले चित्र आहे. इराणमधून आलेल्या झोरोस्ट्रियन लोकांनीही आठव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान केव्हातरी याच संजाणला वस्ती केली. पुढे पोर्तुगीज आले. तारापूर आणि डहाणूचे किल्ले त्यांच्या ताब्यात होते आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत ते मराठ्यांनी घेतले. मिरची, बटाटा, रताळे, काजू आणि अननस ही अमेरिका खंडातली पिके पोर्तुगीज व्यापारामुळे पश्चिम किनाऱ्यावर रुजली. १९६० साली भाषावार राज्ये झाली तेव्हा उंबरगाव आणि आसपासची गावे गुजरातेत गेली आणि तलासरीचा भाग महाराष्ट्रात राहिला. हद्द आखली गेली, तरी चुलींवरचे पदार्थ दोन्ही बाजूंना तसेच राहिले.

मांगेल्यांची चूल

चिंचणी, वरोर, वाढवण, धाकटी डहाणू, झाई या किनारपट्टीवरच्या गावांत मासेमारी करणारा मुख्य समाज मांगेला. त्यांचे जेवण समुद्राच्या घड्याळावर चालते. भरती-ओहोटीच्या प्रवाहात बांधून ठेवायच्या डोल जाळ्यात बोंबील, करंदी, जवळा, मांदेली असा बारीक मासा येतो. तोच रोजच्या ताटातला मासा असतो. पापलेट, घोळ, दाढा, रावस ही मोठी मासळी बहुधा बाजारात जाते. रुपेरी पापलेटला २०२३ साली महाराष्ट्राने राज्य मासा घोषित केले, त्यामागे पालघर तालुक्यातल्या सातपाटीच्या मच्छीमारांची मागणी होती. पण मांगेल्याच्या घरची ओळख करून घ्यायची तर पापलेटपेक्षा बोंबलाकडे आधी वळावे.

ओल्या बोंबलात पाणी फार असते. म्हणून तळण्याआधी तो चिरून, मीठ लावून, वजनाखाली दाबून पाणी काढतात. असे न केल्यास तो तव्यावर विरघळतो. कालवणात मात्र हेच पाणी उपयोगी पडते. चिंच किंवा कोकम, लसूण, हिरवी मिरची आणि थोड्या तेलावर बोंबलाचे आंबट काही मिनिटांत तयार होते. उत्तर कोकणातल्या भुजण्याची रीत त्याहून साधी. मासा, कांदा, वाटलेला हिरवा मसाला, हळद आणि तेल हे सगळे कच्चेच हाताने कालवून पातेले मंद आचेवर ठेवायचे. फोडणी नाही आणि परतणे नाही, त्यामुळे मासा ताजा नसेल तर तो लपत नाही. म्हणूनच हॉटेलवाले भुजण्याच्या वाटेला सहसा जात नाहीत.

१ जून ते ३१ जुलै हा महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीच्या बंदीचा काळ. त्या दिवसांत मांगेल्यांच्या घरी खाडीतली चिंबोरी, निवट्या आणि सुकी मासळी शिजते. हिवाळ्यात-उन्हाळ्यात बांबूंच्या मांडवांवर वाळवलेला बोंबील आणि अंगणात पसरून वाळवलेला जवळा पावसाळ्यासाठी भरून ठेवलेला असतो. सुका बोंबील आणि वांगे, जवळ्याची चटणी, तांदळाची भाकरी हे खरे पावसाळी जेवण. त्याच दिवसांत हॉटेलात ‘ताजे पापलेट’ लिहिलेले दिसले, तर ते बहुधा बर्फातले असते, हे ग्राहकाने ओळखावे.

वाडवळांची हांडी

वाडवळ हा उत्तर कोकणातला बागायतदार समाज. वसईपासून केळवे-माहीम, चिंचणी-तारापूर, डहाणू, बोर्डीपर्यंत त्यांच्या वाड्या आहेत. केळी, नारळ, पानवेल, भाजीपाला आणि फुले यांवर त्यांचा संसार चालत आला, म्हणून त्यांच्या स्वयंपाकात मासळीइतकाच भाजी-कंदांना मान आहे. वर्षाचा मसाला उन्हाळ्यात करून ठेवण्याची रीत असून प्रत्येक घरचे प्रमाण निराळे.

उकडहंडी हा त्यांचा सर्वांत लक्षणीय पदार्थ. थंडीत वालाच्या कोवळ्या शेंगा, कोनफळ, रताळी, बटाटे, वांगी, कच्ची केळी एकत्र करतात. त्यांत ओवा, हिरवी मिरची, लसणाची पात, खोबरे घालून हांडीचे तोंड बंद करतात आणि मंद आगीवर शिजवतात. भाज्या आपल्याच अंगच्या पाण्यात शिजतात. हद्दीपलीकडे वलसाड भागात हाच विचार उबाडियूत दिसतो. तिथे मातीच्या मडक्यात पापडी, कंद आणि बटाटे रानपाल्याच्या थरांत भरतात, मडके उपडे ठेवतात आणि त्याभोवती आग पेटवतात. तेल नाही, पाणी नाही. थंडीच्या मोसमात वलसाड जिल्ह्यात महामार्गाच्या कडेला उबाडियूच्या हातगाड्या लागतात. हिरव्या चटणीबरोबर आणि ताकाबरोबर ते खातात. रायगडची पोपटी हीही याच कुळातली, फक्त तिथे भांबुर्ड्याचा पाला वापरतात आणि बरेचदा कोंबडी किंवा अंडीही भरतात. सुरतचा उंधियू देशभर पोचला आणि त्याची ही भावंडे आपापल्या तालुक्यातच राहिली.

अळूच्या पानांची पातवड हा या समाजाच्या घरोघरचा पदार्थ. या पट्ट्यातला एकच पदार्थ खऱ्या अर्थाने दुकानातून प्रसिद्ध झाला, तो विरारजवळच्या आगाशीचा भुजिंग. कोळशावर भाजलेल्या कोंबडीचे तुकडे आणि पोहे एका मसाल्यात परतून तो बनतो. तयार करायला सोपा, बांधून नेता येणारा आणि थंड झाला तरी खाण्याजोगा असल्यामुळे तो दुकानात टिकला. उकडहंडीला दोन-तीन तास लागतात आणि एका माणसासाठी ती करता येत नाही. दोन्ही पदार्थ याच किनारपट्टीचे, पण एकाला फलक मिळाला आणि एक घरातच राहिला, त्यामागचे कारण एवढेच.

चिकूवाडीतले पारशी-इराणी जेवण

डहाणू, घोलवड आणि बोर्डीत दोन प्रकारचे झोरोस्ट्रियन लोक आहेत. पारशी लोक शेकडो वर्षांपूर्वी संजाणला आले. सन १६०० च्या सुमारास लिहिलेल्या ‘किस्से-संजाण’ या फारसी काव्यात त्या आगमनाची परंपरागत कथा आहे. संजाण पडल्यावर त्यांचा पवित्र अग्नी बारा वर्षे बहरोटच्या गुंफांत लपवून ठेवला होता, अशी त्यांची श्रद्धा आहे. या गुंफा बोर्डीच्या पूर्वेला, डहाणू तालुक्याच्या डोंगरात आहेत. इराणशाह नावाचा हाच अग्नी १७४२ पासून उदवाड्यात आहे. इराणी झोरोस्ट्रियन मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या सुरुवातीला यझद आणि किरमान भागांतून आले. त्यांतल्या काहींनी मुंबईत चहाची हॉटेले आणि बेकऱ्या काढल्या, तर काहींनी इकडे जमिनी घेऊन चिकू लावला. मूळ मध्य अमेरिकेतल्या या फळाला ‘डहाणू घोलवड चिकू’ म्हणून २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

दोघांच्या जेवणात फरक आहे. पारशी स्वयंपाकाने गुजरातची गोडी, किनाऱ्याचा नारळ आणि मासा पूर्णपणे आपलासा केला. ‘पात्रा नी मच्छी’मध्ये पापलेटला हिरव्या नारळ-कोथिंबिरीची चटणी लावून, केळीच्या पानात गुंडाळून वाफवतात. ‘साली बोटी’त मटणावर बटाट्याच्या कुरकुरीत सळ्या असतात. भेंडी, टोमॅटो किंवा बटाट्याच्या भाजीवर अंडी फोडून झाकण ठेवले की ‘पर ईडू’ प्रकारातला पदार्थ तयार होतो. आंबटपणासाठी नवसारीचा उसाचा सिरका वापरतात. इराणी घरांत मात्र मांस, कडधान्ये आणि बटाटे एकत्र तासन्‌तास शिजवून केलेले आबगुश्त, भातावर वाढायचे खोरेश्त आणि सुकवलेली आंबट जरेश्क यांची आठवण टिकून आहे. मसाला कमी, आंबट-गोडाचा तोल जास्त, अशी त्याची चव. मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधील १९२३ पासूनच्या ब्रिटानिया या उपाहारगृहात जो बेरी पुलाव मिळतो, त्यातली बेरी ही जरेश्कच.

धानसाकची गोष्ट नवख्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे. अनेक डाळी, भोपळा, वांगी, मेथी आणि मटण एकत्र शिजवून ते करतात आणि तपकिरी भात व कचुंबर यांबरोबर खातात. बाहेरच्या जगात पारशी जेवण म्हणजे धानसाक असे समीकरण झाले असले, तरी लग्नाला किंवा नवरोजला ते वाढत नाहीत. घरात मृत्यू झाल्यावर तीन दिवस मांस वर्ज्य असते आणि चौथ्या दिवशी धानसाक होते. एरवी ते रविवारचे जेवण असते. शुभप्रसंगी साधा भात, पिवळी डाळ आणि माशाचा आंबट-गोड-तिखट पातियो करतात. सणाच्या दिवशी एखाद्या पारशी घरी किंवा विश्रामगृहात हा बेत मागितला, तर यजमानाला पाहुणा जाणकार वाटतो.

डहाणू आणि बोर्डीच्या समुद्रकाठी पारशी-इराणी कुटुंबांनी चालवलेल्या विश्रामगृहांत हे जेवण मिळते, पण ते रोजच्या कार्डावर असतेच असे नाही. एक दिवस आधी सांगणे हा तिथला सर्वसाधारण नियम आहे. सीमेपलीकडे रेल्वेने जवळच असलेल्या उदवाड्यात यात्रेकरूंसाठीच्या जुन्या हॉटेलांत आणि धर्मशाळेत घरगुती पारशी जेवण वाढतात. तिथली तळलेली बोय मासळी आणि थंडीच्या पहाटेचे फेसाळ ‘दूध ना पफ’ प्रसिद्ध आहेत. अग्यारीत मात्र पारशीतरांना प्रवेश नाही, हे जाणाऱ्याने आधीच जाणून असावे.

वारल्यांचे ताट

तलासरी तालुक्यात दहातले नऊ लोक आदिवासी आहेत आणि डहाणू तालुक्यातही त्यांचीच बहुसंख्या आहे. त्यांत वारली सर्वांत जास्त. म्हणजे संख्येने पाहिले तर हे या भागाचे मुख्य जेवण, आणि उपाहारगृहांत सर्वांत कमी दिसणारेही हेच.

ताटाचा पाया भात, तांदळाची किंवा नागलीची भाकरी, उडदाची किंवा तुरीची डाळ, सुक्या मिरचीची चटणी आणि सुकी मासळी. तेल थोडे, मसाला जुजबी. कन्सरी ही धान्याची देवी. नवे भात आधी तिला आणि पूर्वजांना दाखवल्याशिवाय खात नाहीत. पावसाच्या पहिल्या सरींनंतर रानभाज्यांचा मोसम सुरू होतो. कोवळी भाजी, शेवळे, टाकळा, कर्टोली, बांबूचे कोंब, कोरल, रानअळू अशी ती ओळ श्रावणापर्यंत चालते. गावठी कोंबडी सणाला किंवा पाहुण्याला. ओढ्यातले खेकडे आणि शेतात चढणारे मासे हे पावसाळ्यातले आणखी एक पक्वान्न.

या भाज्यांमागे मोठे शास्त्र आहे. शेवळ्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यामुळे घसा खवखवतो. ते घालवण्यासाठी काकड नावाच्या झाडाची आंबट फळे किंवा चिंच घालून भाजी बराच वेळ शिजवतात. कडूकंद तर कच्चा खाल्ल्यास विषारी ठरू शकतो. त्याच्या चकत्या करून त्या उकळतात, मग वाहत्या पाण्यात ठेवून कडवटपणा काढतात आणि तेव्हाच खातात. ही कामे बहुतांशी स्त्रिया करतात आणि ती शिकण्यात आयुष्य जाते. म्हणून शहरातल्या हौशी माणसाने स्वतः रानात जाऊन भाजी खुडू नये. जाणत्या हाताने निवडलेली आणि शिजवलेलीच खावी.

रानभाजी ही आता आरोग्याची फॅशन झाली असली, तरी वारल्यांसाठी तिचा संबंध टंचाईशी होता. जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेल्या होत्या, पेरणीपासून कापणीपर्यंतच्या महिन्यांत घरातले धान्य संपे आणि खावटीचे कर्ज काढावे लागे. त्या दिवसांत कंद आणि पालेभाजीवर घर जगे. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी वारल्यांची मोठी परिषद भरली आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. त्या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हे जीवन लिहून ठेवले आहे. कडूकंदाची भाजी चाखताना हा इतिहास माहीत असला, तर ‘गरिबांचे खाणे’ किंवा ‘सुपरफूड’ ही दोन्ही लेबले अपुरी आहेत हे कळते.

मोहाचेही तसेच. वसंतात गळणारी मोहाची गोड फुले वाळवून, भाजून किंवा उकडून खातात, पिठात मिसळून गोडासाठी वापरतात. बियांचे तेल काढतात आणि कोवळ्या फळांची भाजी करतात. पण ब्रिटिश सरकारला दारूवरचा महसूल हवा होता, म्हणून १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुले गोळा करण्यावर व बाळगण्यावर निर्बंध आले. अन्नालाच अबकारी माल ठरवल्यावर ते खाद्यपदार्थ म्हणून उघड बाजारात यायला जागा उरली नाही. ताड आणि शिंदी यांच्या रसाचेही असेच झाले. सूर्योदयापूर्वी उतरवलेली नीरा गोड असते आणि ऊन चढू लागले की आंबून तिची ताडी होते. दोन्हींची विक्री आजही परवान्याच्या चौकटीत चालते.

उपाहारगृहापर्यंत का पोचत नाही

जगात कमी परिचित खाद्यपरंपरा बहुधा स्थलांतरितांच्या हातून हॉटेलात आल्या. १९७४ च्या इथिओपियातील क्रांतीनंतर वॉशिंग्टनमध्ये आलेल्या निर्वासितांनी तिथे इंजेरा या आंबवलेल्या पोळीची उपाहारगृहे काढली. मुंबईतले इराणी हॉटेलही असेच जन्मले. पण स्थलांतरिताने आपलेच पदार्थ विकले असे नेहमी घडत नाही. ब्रिटनमधली ‘इंडियन’ उपाहारगृहे दीर्घकाळ प्रामुख्याने सिल्हेटच्या बंगाली लोकांनी चालवली. त्यांच्या कार्डावर सिल्हेटचे जेवण नव्हते. ग्राहकाला माहीत असलेला कोर्मा आणि विंदालू होता, आणि स्वयंपाक्यांचे स्वतःचे जेवण मागच्या खोलीत शिजत असे.

डहाणू-तलासरीतही हेच घडते, फक्त इथे स्थलांतर पदार्थांचे झाले आहे. महामार्गावरच्या ग्राहकाला ओळखीचे, लवकर मिळणारे आणि सर्वत्र एकाच चवीचे जेवण हवे असते. पनीरची ग्रेव्ही सकाळी करून ठेवता येते, भुजणे ठेवता येत नाही. शेवळे वर्षात जेमतेम काही आठवडे मिळते, छापील कार्ड मात्र वर्षभर चालते. उकडहंडीला चार-सहा माणसे तरी हवीत, ग्राहक मात्र दोघे येतात. शिवाय स्थानिक माणसालाही घरचे जेवण पैसे देऊन खाण्याजोगे वाटत नाही. म्हणजे चवीत उणे काही नाही. हे जेवण तयार करण्याची पद्धत आणि हॉटेलाचा धंदा यांचाच मेळ बसत नाही.

म्हणून ते जिथे मिळते ती ठिकाणे निराळी आहेत. डहाणू-बोर्डी परिसरातली कृषी पर्यटन केंद्रे, समुद्रकाठची कुटुंबाने चालवलेली विश्रामगृहे, घरगुती खानावळी, महिला बचत गटांचे स्टॉल, आणि कृषी विभाग जागतिक आदिवासी दिनी, ९ ऑगस्टच्या सुमारास, भरवतो ते रानभाजी महोत्सव. बोर्डीच्या चिकू महोत्सवातही स्थानिक पदार्थांची दालने असतात. या जागांत एक समान गोष्ट आहे. स्वयंपाक करणारी व्यक्ती स्वतःच्या घरचेच जेवण वाढत असते.

कसे मागवावे, कसे खावे

अशा जेवणाचा आनंद घेण्याच्या रीती थोड्या आणि सोप्या आहेत. पहिली, कार्ड बाजूला ठेवून मोसम विचारावा. जून-जुलैत रानभाज्या, खेकडे आणि सुकी मासळी. नारळी पौर्णिमेनंतर ताजा समुद्री मासा. डिसेंबर ते फेब्रुवारी उकडहंडी, उबाडियू, कंद आणि वालाच्या शेंगा. मार्च-एप्रिलमध्ये मोह आणि नीरा, मेमध्ये ताडगोळे. ‘आज काय चांगले आहे’ यापेक्षा ‘आज तुमच्या घरी काय शिजले आहे’ हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो.

दुसरी, आदल्या दिवशी कळवावे आणि किती माणसे ते नक्की सांगावे. भुजणे असो की पात्रा नी मच्छी, साहित्य पहाटेच्या बाजारातून त्याच दिवशी आणावे लागते. सांगून न जाणे म्हणजे यजमानाचे नुकसान. चार-सहा जणांनी मिळून गेल्यास हांडीतले पदार्थ करता येतात आणि माणशी खर्चही कमी पडतो.

तिसरी, पदार्थ त्याच्या जोडीदाराबरोबरच खावा. शेवळे तांदळाच्या भाकरीशी, बोंबलाचे आंबट मऊ भाताशी, धानसाक तपकिरी भात-कचुंबराशी, उबाडियू ताकाशी. नागलीची भाकरी गरम असतानाच खावी, थंड झाली की ती कडक होते. मसाला कमी वाटला तरी लगेच मिरपूड-लिंबू मागू नये. वारली आणि इराणी जेवणात मूळ वस्तूची चव हाच मसाला असतो, आणि तो तीन-चार घासांनंतर उमगतो.

चौथी, आपली पथ्ये आधी सांगावीत. कोळंबी, खेकडे, शिंपले यांची अनेकांना अ‍ॅलर्जी असते. सुकी मासळी बरीच खारट असल्याने उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी बेतानेच खावी. शाकाहारी माणसानेही या भागात उपाशी राहण्याचे कारण नाही. उकडहंडी, पातवड, वालाचे बिरडे, रानभाज्या, उडदाची डाळ आणि नागलीची भाकरी हे भरगच्च ताट होते. फक्त काही घरांत भाजीत जवळा टाकण्याची पद्धत आहे, तेवढे विचारून घ्यावे.

पाचवी, भावात घासाघीस टाळावी. रानभाजी रानात फुकट उगवत असली, तरी ती शोधणे, निवडणे आणि निर्धोक करणे यात बाईचा अर्धा दिवस जातो. जेवणाची किंमत म्हणजे त्या श्रमांची किंमत. फोटो काढण्याआधी विचारावे आणि देवाला दाखवण्याच्या अन्नाला हात लावू नये.

पुढचा काळ

ही स्वयंपाकघरे पाण्यावर, रानावर आणि वाड्यांवर उभी आहेत आणि ते तिन्ही बदलत आहेत. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला गेला. त्यामुळे मोठ्या उद्योगांवर बंधने आली आणि चिकूवाड्या बऱ्याच अंशी टिकल्या. आता चिंचणीच्या उत्तरेला वाढवण येथे सुमारे ७६ हजार कोटी रुपयांचे बंदर होत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. मासेमारीची ठिकाणे जातील म्हणून मच्छीमारांचा त्याला दीर्घकाळ विरोध आहे, तर रोजगार वाढेल असे समर्थक म्हणतात. रस्ते आणि वस्ती वाढली की हॉटेलेही वाढतील. त्या हॉटेलांत इथले जेवण असेल की नाही, हे मात्र बंदराने ठरणार नाही.

ते मागणीने ठरेल. मालवणी जेवण काही दशकांपूर्वी मुंबईच्या मोजक्या खानावळींतच मिळत असे. ग्राहकांनी ते नाव घेऊन मागायला सुरुवात केली आणि आज अनेक शहरांत मालवणी पाटी दिसते. वाडवळी, मांगेली, वारली जेवणाच्या बाबतीत तशी मागणी अजून उभी राहिलेली नाही. भौगोलिक मानांकनाने चिकूला, वाड्याच्या कोलम तांदळाला आणि बहाडोलीच्या जांभळाला ओळख दिली. शिजवलेल्या पदार्थाला ती ओळख फक्त खाणारा देऊ शकतो. डहाणूला किंवा चिंचणीला जाणाऱ्या वाचकाने पुढच्या खेपेस मेनूकार्ड मिटून, इथल्या माणसाच्या घरी त्या दिवशी काय शिजते ते विचारावे, आदल्या दिवशी कळवावे आणि योग्य मोबदला देऊन ते जेवावे. या जेवणाचे जतन करण्याचा याहून चांगला आणि चविष्ट मार्ग दुसरा नाही.